वीस टक्के सूट, पण बिल नाही

घरात इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर हे जरूर वाचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर नक्कीच.

आमचे अण्णा सत्तरीत आहेत. पूर्व भागातल्या कारखान्यात टॉवेल विणण्यात त्यांची हयात गेली. आता सकाळ-संध्याकाळ ३०/७० वालं मिश्र इन्सुलिन (पटकन आणि सावकाश काम करणारं एकाच बाटलीत) चालू असतं. घराजवळ नवीन मेडिकल निघालं, बाहेर ‘सर्व औषधांवर २० टक्के सूट’ असा भलामोठा फलक. महिन्याच्या औषधांचा खर्च बघता ही रक्कम थोडी नव्हती. बिल मागितलं की मालक गोड हसून म्हणायचे, “बिल पायजे असंल तर सूट बसत नाही बगा. घरच्या माणसाला बिल कशाला की ओ?” आणि कोऱ्या चिठ्ठीवर नुसता आकडा. बाटली खोक्याविना, बर्फाच्या पिशवीत गुंडाळून. ती गार पिशवी हातात आली की कुणालाही वाटावं, इथं औषध नीट ठेवतात.

मार्चपासून अण्णांची साखर चढायला लागली. जेवणानंतर तीनशेच्या खाली येईना. घरात सगळ्यांना वाटलं, चोरून गोड खातात. आईनं गुळाचा डबा कुलपात ठेवला, बिचाऱ्या अण्णांनी तेही ऐकून घेतलं. डॉक्टर डोस वाढवत गेले. शेवटी त्यांनीच सांगितलं, “बाटली घेऊन या बरं.” तळहातांत हळू फिरवून त्यांनी ती उजेडात धरली. मिश्र इन्सुलिन असं फिरवल्यावर एकसारखं दुधाळ दिसायला हवं. आमच्या बाटलीत पांढऱ्या कण्या तशाच तरंगत होत्या, काही काचेला चिकटल्या होत्या. उष्णता लागली किंवा गोठलं, तर असं होतं. पाण्यासारखं दिसणारं साधं इन्सुलिन तर खराब होऊनही स्वच्छच दिसू शकतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नका.

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत राहायला हवी. त्या दुकानातून काम सोडलेल्या पोरानं सांगितलं, की रात्री शटर ओढताना मालक मेन स्विचच पाडतात, फ्रीजसकट. वीजबिल वाचतं. दिवसा दर्शनी कप्प्यात ताकाच्या पिशव्या अन् पाण्याच्या बाटल्या. गिऱ्हाईक आलं की तेवढी बर्फाची पिशवी.

जाब विचारायला गेलो तर मालकांचा सूर बदलला. “ही बाटली आमचीच कशावरून? बिल दाखवा की.” पैसे मोबाइलवरून दिले होते, पण त्या नोंदीत फक्त रक्कम दिसते, औषध नाही. तेव्हा उलगडलं, की सूट कशासाठी होती. पक्क्या बिलावर औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत, कंपनी आणि फार्मासिस्टची सही असते. बाटलीवरच्या बॅचशी ते जुळलं की दुकानदाराला हात झटकता येत नाहीत. (भिंतीवर फार्मासिस्टचं प्रमाणपत्र होतं. त्यावरच्या फोटोतल्या बाई मात्र आम्हाला काउंटरमागे कधीच दिसल्या नाहीत. औषध देताना नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर हवा, असा कायदा आहे.)

अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. त्यांचा टोल-फ्री नंबर १८०० २२२ ३६५. औषध निरीक्षक दुकानाचा फ्रीज, तापमानाची नोंद, खरेदीची बिलं तपासू शकतात. औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायदा, १९४०, कलम २६ प्रमाणे सामान्य माणसालाही फी भरून औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक, आणि हे जिवावर बेतणारं आहे. कमजोर इन्सुलिनवर डोस वाढवलेला असतो. दुकान बदलून चांगली बाटली आणली आणि तोच वाढीव डोस टोचला, तर साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. आमच्या डॉक्टरांनी हे आधीच ओळखून डोस कमी करून दिला आणि पहिले काही दिवस पहाटेसुद्धा साखर तपासायला लावली. तुम्हालाही बाटलीचा संशय आला, तर नवी बाटली उघडण्याआधी डॉक्टरांना फोन करा.