केमिकल अँकर: गच्चीवरच्या शेडचा एक पावसाळा

राजारामपुरीतील आमच्या घराच्या गच्चीवर मे महिन्यात पत्र्याची शेड उभारली आणि तिचे ब्रॅकेट केमिकल अँकरने, म्हणजे भोकात घट्ट होणारे रेझिन (रासायनिक चिकट माल) भरून त्यात रॉड रोवून, बसवले, त्याला आता सहा महिने झाले. पूर्वीच्या शेडला साधे एक्स्पान्शन फास्टनर, म्हणजे भोकात फुगून पकड घेणारे बोल्ट, होते. ते आवळताना बाजूच्या काँक्रीटवर दाब देतात, त्यामुळे बीमच्या कडेची एक कपची उडाली होती. केमिकलमध्ये हा दाब नसतो, म्हणून ते निवडले.

बारा मिलिमीटरच्या रॉडसाठी चौदाचे, एकशे दहा मिलिमीटर खोल भोक पाडले. खरे काम त्यानंतरचे. भोक फुंकायचे, तारेच्या ब्रशने घासायचे, पुन्हा फुंकायचे. तिसऱ्या वेळीही ब्रशवर करडी भुकटी येत होती आणि मिस्त्री म्हणत होते, "साहेब, झालं की आता." धूळ राहिली तर रेझिन काँक्रीटला न चिकटता धुळीलाच चिकटते, हे पटवण्यात बराच वेळ गेला. रेझिनचे दोन घटक कार्ट्रिजमध्ये (नळकांड्यात) वेगळे असतात आणि तोंडाच्या नोझलमध्ये मिसळतात, त्यामुळे सुरुवातीला दोन रंगांच्या रेघा येतात. रंग एकसारखा होईपर्यंतचा माल टाकूनच द्यावा. मेच्या उन्हात आम्ही चहाला थांबलो तेवढ्यात नोझलमध्येच माल घट्ट झाला, त्यामुळे दोन नोझल जादा घ्या.

पावसाळ्यात वारा पत्रा उचलत राहिला, तरी काँक्रीटमधील सहाही रॉड तसूभर हलले नाहीत. तक्रार आहे ती पोकळ सिमेंट ब्लॉकच्या भिंतीतील दोन रॉडांबद्दल. तिथे जाळीची स्लीव्ह (माल धरून ठेवणारी नळी) न घालता माल भरला, तो पोकळीत वाहून गेला आणि दुसऱ्या दिवशी रॉड हाताने फिरला. स्लीव्ह घालून काम पुन्हा केल्यावर तेही टिकले. जस्ताच्या मुलाम्याच्या नटांवर मात्र तांबेरा चढला आहे. उघड्यावर स्टेनलेसच घ्यायला हवे होते.

याच कार्ट्रिजने माजघरात झोपाळाही टांगावा, असा घरच्यांचा आग्रह होता. मी नकार दिला. बोस्टनमध्ये १० जुलै २००६ रोजी बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे पॅनेल कोसळून मोटारीतील एक महिला दगावली. चौकशीत कारण निघाले ते पॅनेलच्या अँकरमधील, सततच्या भाराखाली हळूहळू सरकत गेलेले, लवकर घट्ट होणारे इपॉक्सी रेझिन. सगळीच रेझिने तशी नसतात, परंतु डोक्यावर कायम लोंबणाऱ्या वजनासाठी स्लॅबमधून आरपार बोल्ट आणि वर जाड पट्टी हीच व्यवस्था मला रुचली. झोपाळा तसाच टांगला आहे.