आठ नंबरच्या नावाखाली पाच नंबरची लाइन

एकोणीस वर्षांनी फ्लाय रॉड, म्हणजे पिसांच्या नकली माशीनं मासे धरायची काठी, हातात घेतला आणि तीन रविवार कण्हेर धरणाच्या काठावर स्वतःलाच दोष देत उभा राहिलो. चूक हाताची नव्हती, हे सराफाच्या काट्यानं दाखवलं.

२००४ पर्यंत मी कर्नाटकात नोकरीला होतो. माशीवर मासे धरायला तिथल्या माझ्या साहेबांनी शिकवलं, आणि निवृत्त होताना स्वतःचं हार्डी कंपनीचं मार्क्विस रीळ माझ्या हातात ठेवलं. मग साताऱ्याला परतलो. संसार, आईचं आजारपण, आणि सगळं सामान माळ्यावर. गेल्या वर्षी पेटी उघडली तेव्हा आठ नंबरचा रॉड ठणठणीत होता, लाइनच्या, म्हणजे रिळावरच्या जाड दोरीच्या, प्लॅस्टिकला मात्र जागोजागी तडे गेले होते. गरज होती ती एका नव्या लाइनची, एवढीच.

जाहिरात बघून एका विक्रेत्याला फोन केला. "काका, वीस वर्षांत सगळं बदललंय. तो रॉड आता कोणी हातात धरत नाही, आणि त्या रिळावर आजची लाइन बसायचीच नाही." बोलणं इतकं अदबीचं की शंका घ्यायला जीव धजेना. आपल्याला येत होतं ते आता जुनं झालं, ही धास्ती माझ्या मनात आधीपासून होतीच. त्यानं ती बरोबर ओळखली. रॉड, रीळ, लाइन मिळून २१,५०० रुपये सांगितले. त्यातून साहेबांच्या रिळाचे १,५०० वजा करून बाकीचे मी फोनवरून पाठवले. बिल मागितलं नाही.

नेहमीच्या गळाला शिसं असतं, ते दोरी ओढत नेतं. पिसांच्या माशीला वजनच नसतं. तिला लाइनचं वजन पुढे नेतं आणि त्याच वजनानं रॉड वाकतो. म्हणून रॉडचा आणि लाइनचा नंबर जुळावा लागतो. माझा नवा रॉड वाकतच नव्हता. लाइन पुढ्यात गोळा होऊन पडायची. वारा सुटला की माशी माझ्याच टोपीत अडकायची. खडस मासा तर सोडाच, काठालगतच्या चिलापीपर्यंतही पोचत नव्हतो. वय झालं, असं बायकोजवळ बोलूनही दाखवलं.

मग साहेबांचं एक वाक्य आठवलं: लाइनचा नंबर म्हणजे तिच्या पहिल्या तीस फुटांचं वजन. टेपनं तीस फूट मोजून खूण केली, सगळी लाइन घेऊन मोती चौकातल्या ओळखीच्या सराफाकडे गेलो. खुणेपर्यंतचं वेटोळं तेवढं काट्यावर ठेवलं. आठ नंबरची लाइन १३.६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. काटा ९.२ वर थांबला. पाच नंबरची ९.१ असते. घरी येऊन खोक्यावरचा 'आठ'चा स्टिकर नखानं उचलला, तर खाली छापील 'पाच' होता.

हे माप वीस वर्षांपूर्वी होतं तेच आजही आहे. जुन्या रिळावर नवी लाइन बसत नाही, हेही धादांत खोटं. रिळात जागा असली की झालं.

विक्रेता आधी म्हणाला, वापरलेली लाइन परत घेत नाही. नंतर त्यानं माझा नंबरच ब्लॉक केला. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन लावला. तिथं पहिला प्रश्न बिलाचा आला. जे कोणी खंडानंतर पुन्हा सुरू करणार असाल, त्यांनी दुकानात पाऊल टाकण्याआधी जुनं सामान एखाद्या जाणत्याला दाखवा. लाइन आली की रिळावर चढवण्याआधी तोलून घ्या. सराफ नाही म्हणत नाहीत. आणि जुनं रीळ बदल्यात देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.

दुसरीकडून घेतलेली लाइन १३.५ भरली. माळ्यावरच्या त्याच रॉडवर ती पहिल्याच फेकीत सरळ गेली, साठेक फूट. हात काही विसरला नव्हता.

साहेबांच्या रिळाच्या पायावर कानशीनं घासलेल्या तीन बारीक खाचा आहेत. तसं रीळ कोणी विकायला आणलं, तर कृपा करून मला कळवा. सांगतील ती किंमत देईन.