खोटा आळ आला: नोटीस, दिवाणी दावा की फौजदारी तक्रार?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री मेसेज पडतो: "दुरुस्ती निधीचे पैसे खजिनदारांनी खाल्ले." सकाळी लिफ्टमध्ये लोक नजर चुकवतात. ज्याने पै-पैचा हिशेब ठेवला, त्याच्या जिव्हारी लागणारी ही गोष्ट. "आता कोर्टातच खेचतो," असं तोंडून निघणं साहजिक आहे. पण कोर्टात जायचे रस्ते वेगवेगळे आहेत, आणि हाती पडतं तेही वेगळं. त्यामुळे तुम्हाला माफी हवी आहे, भरपाई हवी आहे की समोरच्याला शिक्षा, हे आधी ठरवा.

माफी हवी असेल तर वकिलाची नोटीस. मेसेज मागे घ्या आणि त्याच ग्रुपवर माफी मागा, एवढीच मागणी. खर्च कमी, आणि शेजारीपाजारी राहणाऱ्यांमध्ये कित्येकदा इथेच मिटतं. एक धोका मात्र ध्यानात ठेवा. नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही. उत्तर-प्रत्युत्तरात महिने जातात आणि दिवाणी दाव्याची वेळ निघून जाते.

ती वेळ फक्त 1 वर्षाची आहे. बदनामीच्या भरपाईचा दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून 1 वर्षात लावावा लागतो. फौजदारी तक्रारीला 3 वर्षं मिळतात. हा फरक न कळल्यामुळे दिवाणीचं दार आपोआप बंद होतं, म्हणून तारीख आजच लिहून ठेवा.

दिवाणी दाव्यात पैसे मिळू शकतात, आणि पुन्हा असं बोलू नये म्हणून मनाई हुकूमही मागता येतो. पुराव्याचं ओझं फौजदारीपेक्षा हलकं असतं. पण दाव्याच्या रकमेनुसार कोर्ट फी भरावी लागते आणि प्रकरण वर्षानुवर्षं चालतं. पुण्यातलं उदाहरण बघा. 2008 मध्ये एका घोटाळ्याच्या बातमीत एका वृत्तवाहिनीने निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा फोटो चुकून दाखवला, तोही काही सेकंद. 2011 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 100 कोटींची भरपाई मंजूर केली. आकडा ऐकून हुरळू नका. ते सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती होते आणि बातमी देशभर गेली होती. आळामुळे तुमची नोकरी गेली, गिऱ्हाईक तुटलं, ठरलेलं काम रद्द झालं आणि ते कागदावर दाखवता येत असेल, तर दिवाणी दावा जरूर करा. नुसत्या मनस्तापासाठी मी तो सुचवणार नाही.

फौजदारीचा दबाव जास्त. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली 2 वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. पोलीस ठाण्यात एनसीपलीकडे (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) फारसं काही होत नाही, खासगी तक्रार न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे स्वतःच करावी लागते. नव्या प्रक्रिया कायद्यानुसार (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) न्यायालयाने दखल घेण्याआधी आरोपीचंही म्हणणं ऐकलं जातं. तारखांना तुम्हालाही जावं लागतं आणि उलटतपासणीत तुमचा सगळा हिशेब चव्हाट्यावर येतो. हिशेब स्वच्छ असेल तर घाबरू नका. समोरच्याने माफी मागितली तर तडजोड करता येते. दोन्ही रस्ते एकाच वेळीही धरता येतात. अरुण जेटलींनी 2015 मध्ये केजरीवालांवर 10 कोटींचा दावाही लावला आणि फौजदारी तक्रारही केली. 2018 मध्ये माफीनंतर दोन्ही मिटलं.

मात्र तोच आरोप ग्रुपवर न करता सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार म्हणून केला असेल, तर बदनामीची केस कमजोर होते. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार हा कायद्याने मान्य केलेला अपवाद आहे. तिथे उत्तर हिशेबानेच द्या.

आणि आळ थेट एफआयआरमध्ये आला असेल, तर बदनामीचा विचार सध्या बाजूला ठेवा. अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामीन, मग गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालय. खोट्या खटल्याबद्दल भरपाईचा दावा निर्दोष सुटल्यावर किंवा खटला दुसऱ्या रीतीने तुमच्या बाजूने संपल्यावरच करता येतो. त्यालाही त्या दिवसापासून 1 वर्षच. जाणूनबुजून खोटा गुन्हा लादणं हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम 248 खाली गुन्हा आहे. पण तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती असं होत नाही. खोटेपणा वेगळा सिद्ध करावा लागतो.

खजिनदाराच्या जागी मी असतो तर पहिल्या आठवड्यात लेखापरीक्षणाचा अहवाल जोडून नोटीस दिली असती, 15 दिवसांत माफी आली नाही तर फौजदारी तक्रार. स्क्रीनशॉटबरोबर मूळ फोनही जपा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तो मेसेज वाचलेल्या दोन शेजाऱ्यांना साक्षीला याल का, हेही आत्ताच विचारून ठेवा.