दर्यापूर ते अचलपूर: शकुंतलेच्या मुलखातला सायकलमार्ग

विदर्भातली मूर्तिजापूर–अचलपूर ही ७६ किलोमीटरची नॅरोगेज (अरुंद रुळांची) रेल्वे, म्हणजे आपली शकुंतला, बंद पडल्यापासून त्या मुलखातल्या डांबरी रस्त्याने सायकलवर जाणे हाच तो सावकाश पाहण्याचा उत्तम मार्ग उरला असून, त्यातला दर्यापूर–अंजनगाव–अचलपूर हा टप्पा मला सर्वांत पसंत पडला. पूर्णाखोऱ्यातले सपाट रान असल्याने दमवणारा चढ लागत नाही. खारपाणपट्ट्यातली, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागातली, कपाशी-तूर मागे पडून अंजनगावकडे पानमळे व पानपिंपरीचे औषधी वेल, तर अचलपूरकडे संत्र्याच्या बागा दिसू लागतात.

रस्त्याला मात्र पूर्ण गुण देता येत नाहीत. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे डांबराच्या कडा तुटतात, आणि एसटीला वाट देताना सायकल कच्च्या पट्टीत उतरवावी लागते. तिथला चिखल मडगार्डमध्ये असा बसतो की काडीने कोरूनच काढावा लागतो. बाभळीची सावली ती कसली! उन्हाळ्यात सकाळी नवाच्या आत अंजनगाव गाठावे. फाट्यावरचा गरम आलुबोंडा चांगला, पाणी घरूनच न्यावे.

रुळांच्या भरावाचा उतार मुळातच सौम्य असल्याने त्यावर पक्का सायकलमार्ग करता येईल, परंतु इथल्या लोकांना गाडीच परत हवी आहे आणि मला तीच मागणी रास्त वाटते.