चुंबकाच्या भरवशावर घेतलेला आयर्न क्रॉस

गेल्या वर्षी कामानिमित्त बर्लिनला असताना तेथील रविवारच्या एका जुन्या बाजारात मी १९१४ सालचा दुसऱ्या श्रेणीचा आयर्न क्रॉस, म्हणजे क्रॉसच्या आकाराचे जर्मन लष्करी पदक, ९० युरोंना विकत घेतला. नाणी व पदके मी बरीच वर्षे जमवत असल्याने अगदीच अजाण नव्हतो, आणि नेमका त्या अर्ध्या माहितीनेच माझा घात केला.

प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याने नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी १० मार्च १८१३ रोजी हे पदक सुरू केले आणि पुढे ५ ऑगस्ट १९१४ रोजी कैसर दुसरा विल्हेल्म याने ते पुन्हा चालू केले. दुसऱ्या श्रेणीचा त्या काळचा क्रॉस सहसा तीन तुकड्यांचा असे: मध्ये काळा केलेला लोखंडी गाभा, ज्याच्या एका बाजूस मुकुट, ‘डब्ल्यू’ हे अक्षर व १९१४ आणि दुसऱ्या बाजूस ओकची पाने व १८१३ असे उठावाचे काम असे, तर पुढून व मागून त्याला धरून ठेवणाऱ्या दोन चौकटी चांदीच्या पत्र्यातून ठशाने काढलेल्या असत. गाभा आत बसवल्यावर चौकटींच्या कडा एकमेकींना झाळत आणि जास्तीची झाळ कानशीने काढून कडेला झिलई देत.

गाभा लोखंडाचा, म्हणजे लोहचुंबक चिकटला की पदक खरे, एवढेच मला पाठ होते. विक्रेत्याने ते ओळखले असावे, कारण मी काही विचारण्यापूर्वीच त्याने खिशातून चुंबक काढून माझ्या हातावर ठेवला. शिवाय आजोबांच्या नावाचे एक पिवळे पडलेले प्रमाणपत्रही दाखवले. ते कदाचित खरे असेलही. पण हे क्रॉस नाव कोरून दिले जात नसत, त्यामुळे कोणताही कागद कोणत्याही क्रॉसशेजारी ठेवता येतो, हे मला त्या वेळी सुचले नाही.

ठाण्याला परतल्यावर पावसाळ्यात कपाट उघडले, तेव्हा ‘चांदीच्या’ काठावर तांबूस गंजाचा ठिपका आला होता. चांदी काळी पडते, गंजत नाही. ओळखीच्या कारागिराने काठाचा कोपरा कानशीने जरासा घासला आणि म्हणाला, “साहेब, सगळे एकसंध लोखंड आहे, वरून नुसता मुलामा दिलाय.” मग त्याच्याच भिंगातून पाहिले, तर कडेवर झाळीचा सांधा कोठेच दिसेना, गाभा आणि चौकट यांच्यामधली केसाएवढी फट नव्हती, काठाचे दाणे विरघळल्यासारखे बोथट होते व त्यांत ओतकामाचे बारीक बुडबुडे होते. कडीवरचा ‘८००’ हा चांदीच्या कसाचा आकडा ठोकून उमटवण्याऐवजी पदकाबरोबरच ओतलेला असल्याने त्याच्या कडा पुसट होत्या. ही सारी लक्षणे बाजारात, दहापट भिंग आणि दोन मिनिटे असती तर दिसली असती. चुंबकाने मात्र ओतीव लोखंडालाही तितक्याच इमानदारीने होकार दिला.

विक्रेत्याने पावती दिली नव्हती आणि त्याने दिलेला दूरध्वनी क्रमांक लागत नाही, तेव्हा पैसे परत मिळण्याची आशा मी सोडली आहे. हा तुकडा पुढे कोणाच्या हाती अस्सल म्हणून जाऊ नये, यासाठी त्याच कारागिराकडून मागच्या बाजूच्या खालच्या भुजेवर ‘नक्कल’ असे कोरून घेतले आहे.