गावठी पिल्लू की लॅब्रेडॉर?

परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो. लॅबच्या अंगावर केसांचे दोन थर, त्यामुळं त्याला कूलर आणि पहाटेचंच फिरणं लागतं. शिकवायला मात्र तो सोपा; खाण्याच्या लालचीनं ‘बस’, ‘थांब’ पटकन उचलतो. गावठीही हुशार, पण मर्जीचा. आवाज चढवलात की लांबच राहतो. सावली-पाणी त्यालाही हवंच, तरी ऊन निभावतो. शेतावर राखणीला माझं मत गावठीलाच. लॅब चोरापुढंही शेपूट हलवील!

कुठलंही आणा, ८ आठवड्यांआधी आईपासून तोडू नका. पार्व्होची (पिल्लांना रक्ताचे जुलाब लावणाऱ्या जीवघेण्या आजाराची) लस ६ ते ८ आठवड्यांपासून, रेबीजची ३ महिन्यांनंतर. ‘गावठीला कशाला लस?’ म्हणणारे पारावर भेटतील, त्यांचं ऐकू नका.