सेमाग्लुटाइड: रोजची गोळी की आठवड्याचं इंजेक्शन?

सेमाग्लुटाइड घ्यायचं हे डॉक्टरांशी बोलून ठरलंय, प्रश्न फक्त गोळी की इंजेक्शन एवढाच उरलाय, अशांसाठी हे लिहितोय. टाइप 2 मधुमेहासाठी मी दोन्ही घेतली आहेत, आधी गोळी आणि मग इंजेक्शन. औषध साखरेवर आणि भुकेवर कसं चालतं हे तुम्हाला ठाऊक असणार, म्हणून ते सोडून देतो.

औषध दोन्हींत एकच. वेगळी आहे ती शरीरात शिरण्याची वाट, आणि गोळीची वाट खरोखर बिकट. सेमाग्लुटाइड हे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखी छोटी साखळी, त्यामुळे जठरातलं प्रथिनं पचवणारं पेप्सिन त्याचे तुकडे करायला टपलेलंच असतं. यावर उपाय म्हणून गोळीत साल्काप्रोझेट सोडियम, म्हणजेच स्नॅक, हे मदतनीस द्रव्य घातलेलं असतं. गोळी जठरात जिथे टेकते तिथली आम्लता ते थोडा वेळ उतरवतं, पेप्सिनला आवरतं आणि औषधाला अस्तरातून पलीकडे जाऊ देतं. शोषण आतड्यात नाही, जठरातच होतं. 2019 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली तेव्हा जीएलपी-1 या आतड्यातल्या संप्रेरकाची नक्कल करणाऱ्या औषधांच्या गटातली ही पहिलीच गोळी होती. ही युक्ती मला आजही थक्क करते. पण एवढं करूनही रक्तात पोचतं ते जेमतेम एक टक्का.

गोळीचे सगळे नियम त्या एक टक्क्यासाठी आहेत. सकाळी अगदी उपाशीपोटी घ्यायची, अर्ध्या ग्लासाहून कमी, म्हणजे 120 मिलीपर्यंतच पाणी, आणि पुढचा किमान अर्धा तास खाणं, चहा-कॉफी, दुसरं औषध काहीही नाही. कागदावर हे सोपं दिसतं. ज्याला सकाळची दुसरी कुठलीच गोळी नाही त्याला ते खरंच सोपं जात असेल.

मला थायरॉइडची गोळीही आहे, आणि माझा निर्णय तिथेच झाला. तिलाही, म्हणजे लेव्होथायरॉक्सिनलाही, उपाशी पोट हवं आणि नंतर अर्धा ते एक तासाची वाट बघणं हवं. मग क्रम असा लागायचा की उठल्याबरोबर सेमाग्लुटाइड, अर्ध्या तासाने थायरॉइडची गोळी, पुन्हा थांबा आणि मग कुठे न्याहारी. घड्याळाकडे बघत पोट रिकामं ठेवणं हेच सकाळचं मुख्य काम होऊन बसलं. लवकर बाहेर पडायचं असलं की दोघींपैकी एकीवर अन्याय व्हायचाच. थायरॉइडची गोळी रात्री घेता येते, पण त्यासाठी जेवण तीनेक तास आधी आटपायला हवं, आणि ते आमच्या घरात जमत नाही. शिवाय गोळीतल्या सेमाग्लुटाइडबरोबर रक्तातलं थायरॉक्सिन साधारण 33 टक्क्यांनी जास्त राहिल्याचं अभ्यासात दिसलं आहे, म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, करत राहावी लागते. ही जोडी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

इंजेक्शनला यातलं काही नाही. आठवड्यातला एक वार ठरवायचा. वेळ कुठलीही, जेवणाआधी किंवा नंतर. सुईची धास्ती मलाही होती, पण ती इतकी बारीक आणि आखूड असते की रोज बोट टोचून साखर बघणं मला त्याहून जास्त दुखतं. कटकट आहे ती साठवणीची. न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, आणि गोठलं तर फेकून द्यावं लागतं. वापरात घेतलेलं पेन 30 अंशांखाली काही आठवडे बाहेर चालतं. नेमके किती ते सोबतच्या पत्रकात बघा. सतत प्रवासात असणाऱ्यांसाठी गोळी सोयीची, हे मान्य. फक्त तिला दमट हवा सोसत नाही, तेव्हा ती घेईपर्यंत पाकिटातच राहू द्या.

मळमळीचं म्हणाल तर मला दोन्हींत फारसा फरक जाणवला नाही. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो. एक समज मात्र बाजूला ठेवा, तो म्हणजे रोजची गोळी त्रास झाला की थांबवली, विषय संपला. सेमाग्लुटाइडचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे एक आठवडा आहे, मग ते कुठूनही आत गेलेलं असो. शेवटच्या मात्रेनंतरही ते शरीरात पाचेक आठवडे रेंगाळतं. त्याचीच चांगली बाजू अशी की एखाद्या दिवशी गोळी राहिली तर फार बिघडत नाही. ती सोडायची आणि दुसऱ्या दिवशी नेहमीची घ्यायची. इंजेक्शन राहिलं तर पाच दिवसांच्या आत घेता येतं.

ऑरफोरग्लिप्रॉन या जीएलपी-1 गटातल्याच दुसऱ्या रोजच्या गोळीमुळे हा हिशेब बदलू शकतो. तो पेप्टाइड नाही, त्यामुळे पाण्याची आणि जेवणाची बंधनं त्याला लागत नाहीत. 2025 मध्ये त्याच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांचे निकाल आले आणि मी ते आशेने वाचले. पण आजची निवड सेमाग्लुटाइडच्याच दोन रूपांत असेल आणि सकाळी दुसरं औषध असेल, तर मी इंजेक्शनकडे झुकेन.

गोळीवरून इंजेक्शनवर येताना आकडे बघून दचकू नका. रोज 14 मिलिग्रॅमच्या गोळीवर असलेल्याला आठवड्याला 0.5 मिलिग्रॅमच्या इंजेक्शनवर आणता येतं, तेही शेवटच्या गोळीच्या दुसऱ्याच दिवशी. नव्या घडणीच्या गोळ्या 1.5, 4 आणि 9 मिलिग्रॅमच्या आहेत. त्यांचा जुन्यांशी मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असा मेळ बसत नाही, तेव्हा तुमच्याकडची कुठली हे डॉक्टरांना पाकीट दाखवूनच विचारा.